पॅरासाइटमध्ये ‘साइट’ नसते : एका कार्डपेटीचा अनुभव

पाचपैकी तीन तारे. तिसरा देताना हात जरा अडखळला होता, पण दिला.

वस्तू अशी : इंग्रजी शब्दांच्या मुळांची कार्डं. एका पुठ्ठ्याच्या पेटीत २४० कार्डं, पत्त्यांपेक्षा बोटभर मोठी. पुढच्या बाजूला शब्द आणि छोटं चित्र, मागच्या बाजूला त्याची फोड आणि इंग्रजी-मराठी अर्थ. ग्रीक उपसर्गाप्रमाणे रंग दिलेत : ‘पॅरा’ हिरवा, ‘पेरी’ निळा, ‘हायपो’ पिवळा, असे. किंमत ६४९ रुपये. घरपोच आली, कोपरे न चेपता आली, हे आधी सांगून टाकते.

घेतली भाच्यासाठी. भावाचा मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत, आता लातूरला अकरावी सायन्स आणि नीटचा क्लास. दिवाळीला आला तेव्हा तोंड एवढंसं झालेलं. म्हणाला, “आत्या, फिजिक्स कसंबसं ओढतोय, केमिस्ट्रीचं होतंय. पण बायोलॉजीत रोज पन्नास नवे शब्द येतात गं, आणि सगळे सारखेच दिसतात.” मी १९ वर्षं बार्शीत मेडिकल चालवते. त्याला छळणारे ते सगळे सारखे दिसणारे शब्द माझ्या रॅकवर स्ट्रिपा होऊन बसलेत. म्हटलं, पेटी मागवू आणि दुकानातच बसवू याला.

दुपारी तीन ते पाच आमच्याकडे गिऱ्हाईक कमी. तेवढ्या वेळात तो कार्ड वाचायचा, मी रॅककडे बोट दाखवायची. चार दिवसांत हिरवा गठ्ठा झाला. आणि त्या हिरव्या गठ्ठ्यातच पेटीची खरी परीक्षा झाली, म्हणून मी मुख्यतः त्याच्याबद्दलच लिहितेय.

पहिलंच कार्ड ‘पॅरासाइट’. मागे छापलंय : पॅरा म्हणजे बाजूला, साइट म्हणजे जागा; ‘दुसऱ्याच्या जागेशेजारी राहणारा जीव’. भाच्याने वाचलं आणि मान डोलावली. पटण्यासारखंच आहे, अडचण तीच आहे. आमच्या वडिलांकडे एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे, प्रत्येक शब्दाखाली त्याचं कूळ दिलेला. बाबा हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, निवृत्तीनंतर तो कोश हाच त्यांचा सोबती. त्यात पाहिलं तर या शब्दात जागाबिगा काही नाही. मागचा भाग ग्रीक ‘सितोस’, म्हणजे धान्य, अन्न. पॅरासितोस म्हणजे दुसऱ्याच्या पानाशेजारी पान मांडून जेवणारा. अथेन्समध्ये सुरुवातीला हा मानाचा शब्द होता, देवाच्या नैवेद्याच्या पंगतीला बसणाऱ्या अधिकाऱ्याला तसं म्हणत. पुढे ग्रीक नाटकांत तो विनोदी पात्र झाला : श्रीमंताची हांजी हांजी करायची आणि रोज त्याच्याकडे जेवायचं. आपल्या भाषेत आयतोबा. जंत, उवा, गोचीड यांना हा शब्द लागला तो फार नंतर, अठराव्या शतकात. म्हणजे आधी माणूस फुकट्या होता, त्यावरून जंताला नाव पडलं, उलटं नाही.

(‘सितोस’ आणि आपलं भाताचं ‘शीत’ यांचं नातं जोडायचा मोह मलाही झाला होता. बाबांनी एका वाक्यात उतरवला : शीत आलं संस्कृत ‘सिक्थ’वरून. कानाला सारखं लागलं म्हणजे भाऊबंद होत नाही. पेटी करणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.)

आता बघा, ‘शेजारी राहणारा जीव’ असं पाठ केलेल्या मुलाला परीक्षेत कदाचित मार्क मिळतीलही. पण ‘शेजारी जेवणारा’ हे एकदा कळलं की पॅरासाइटची व्याख्या पाठ करावी लागत नाही. दुसऱ्याच्या जिवावर खातो, संपलं. भाच्याने लगेच त्याच्या हॉस्टेलमधल्या एकाचं नाव घेतलं, ते मी इथे लिहीत नाही.

‘पॅरालिसिस’चं कार्ड मात्र छान आहे. पॅरा आणि ‘ल्युएइन’ म्हणजे सैल करणे, सोडणे. एका बाजूचं सुटून पडणं. चित्रही साधं आणि समंजस, एक हात लोंबणारी बाहुली. इथे मला मराठी शब्दाचं कौतुक वाटलं. आपण पक्षाघात म्हणतो, आणि पक्ष म्हणजेही बाजूच. दोन्ही भाषांनी रोग्याकडे पाहिलं आणि दोघींना आधी बाजूच दिसली. लकवा म्हणा, अर्धांग म्हणा, आमच्या गिऱ्हाइकांना सगळे शब्द चालतात.

‘पॅराथायरॉइड’च्या कार्डावर फक्त ‘थायरॉइडशेजारील ग्रंथी’ एवढंच आहे. बरोबर आहे, पण कोरडं. या ग्रंथींची गोष्ट भाच्याला मी सांगितली आणि मग त्या त्याच्या डोक्यातून हलल्या नाहीत. तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी, थायरॉइडच्या पाठीला चिकटलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या. त्या पहिल्यांदा नजरेला आल्या माणसात नाही, गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा १८४९ मध्ये मेला आणि रिचर्ड ओवेन या प्राणिशास्त्रज्ञांनी त्याचं विच्छेदन केलं, तेव्हा त्यांना थायरॉइडला चिकटलेली एक पिवळसर गाठ दिसली. माणसातल्या ग्रंथी शोधून त्यांना ‘पॅराथायरॉइड’ हे नाव दिलं ते १८८० मध्ये, इवार सँडस्ट्रॉम या स्वीडिश विद्यार्थ्याने. विद्यार्थ्याने, हे ऐकून आमचं पोरगं जरा ताठ बसलं.

‘पॅरेंटरल’ हा शब्द इंजेक्शनच्या माहितीपत्रकात हमखास असतो. भाच्याला वाटलं, पेरेंट्सशी काहीतरी असणार, आईबापांनी द्यायचं औषध. हसू नका, आमच्या एका नव्या पोऱ्यालाही तसंच वाटलं होतं. फोड आहे पॅरा आणि ‘एंटेरॉन’, म्हणजे आतडं. आतड्याला वळसा घालून दिलेलं औषध, सुईने किंवा सलाइनमधून. कार्डावर ही फोड अचूक आहे. पण कार्डाने हातात आलेली मोठी गोष्ट घालवली. हे ‘एंटेरॉन’ आणि संस्कृत ‘आन्त्र’ एकाच घरातले, आणि त्या आन्त्राचंच मराठीत आतडं झालं. म्हणजे ग्रीक शब्दाचा अर्धा भाग भाच्याच्या पोटात आधीपासूनच होता!

तोच एंटेरॉन जांभळ्या गठ्ठ्यातल्या ‘डिसेंटरी’मध्ये परत भेटतो. ‘डिस’ म्हणजे आपला ‘दुस्’ : दुष्काळ, दुष्कर्म, दुस्तर यांतला. डिसेंटरी म्हणजे बिघडलेलं आतडं, आव. हे मी सांगितल्यावर भाचा म्हणाला, “म्हणजे आत्या, हा शब्द आपण अख्खाच्या अख्खा संस्कृतात करू शकतो?” करू शकतो की. कुणी म्हणत नाही एवढंच.

आता गठ्ठ्यातले घुसखोर. हिरव्या रंगात ‘पॅराशूट’, ‘पॅराफिन’ आणि ‘पॅराडाइज’ अशी तीन कार्डं आहेत आणि तिन्हींच्या कोपऱ्यात ‘ग्रीक : बाजूला’ असा शिक्का. तिन्ही चूक. एक तारा इथे कापला.

पॅराशूटच्या मागे लिहिलंय, ‘बाजूने पडणे’. अहो, बाजूने पडायला पॅराशूट कशाला लागतं, आमच्या दुकानाच्या पायरीवरून लोक रोज पडतात. शब्द फ्रेंच आहे. लुई-सेबास्तियाँ लनॉर्मां या गृहस्थांनी १७८३ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या वेधशाळेच्या मनोऱ्यावरून अशी छत्री घेऊन उडी मारली आणि नावही त्यांनीच दिलं. यातला ‘पॅरा’ आलाय इटालियन ‘पारारे’वरून, म्हणजे अडवणे, बचाव करणे, ‘श्यूत’ म्हणजे पडणं. पडण्यापासून वाचवणारं ते पॅराशूट. उन्हापासून वाचवणारं पॅरासोल. पावसापासून वाचवणाऱ्या छत्रीला फ्रेंचमध्ये पाराप्लुई म्हणतात. गच्चीचा पॅरापेट त्याच घरातला : ‘पेत्तो’ म्हणजे छाती, छातीला आडोसा देणारा कठडा. या सगळ्यांचं मूळ लॅटिन, ग्रीकांशी काही देणंघेणं नाही. आणि बघा, कार्डाने सांगितलेला अर्थ खऱ्या अर्थापासून किती लांब गेला.

पॅराफिन तर माझ्या अगदी हाताशी. बद्धकोष्ठाच्या सिरपमध्ये लिक्विड पॅराफिन असतं, मलमांत असतं. कार्ल फॉन रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये लाकडाच्या डांबरातून हा मेणासारखा पदार्थ वेगळा केला. तो कशाशीच फारशी रासायनिक क्रिया करेना, म्हणून त्याने लॅटिनमधले दोन शब्द जोडले : ‘पारुम’ म्हणजे जेमतेम आणि ‘अफिनिस’ म्हणजे जवळीक असलेला. कुणाशी फारसं न जमणारा, असं नाव! कार्डावर याचा अर्थ दिलाय ‘जवळचा’. बरोब्बर उलटा. ज्याचं कुणाशी पटत नाही त्याला गावभर सोयरा म्हणून मिरवल्यासारखं झालं हे.

तिसरं पॅराडाइज. इथे कार्डवाल्यांनी फोड करायचा प्रयत्नच सोडलाय, नुसतं ढगाचं चित्र. हा शब्द ग्रीकमधून आला हे खरं, पण ग्रीकांनी तो इराणकडून उचलला. अवेस्ता म्हणजे पारशांचा धर्मग्रंथ, त्याच्या भाषेत ‘पइरिदएज’ म्हणजे भोवती भिंत घातलेली जागा. झेनोफोन या ग्रीक लेखकाने इराणी राजांच्या बागांना हा शब्द वापरला आणि बागेची बाग पुढे स्वर्गात गेली. यातला ‘पइरि’ म्हणजे आपला परि, भोवती. आणि ‘दएज’ ज्या धातूपासून आला तो संस्कृतात ‘दिह्’, लिंपणे, मळून आकार देणे. त्यावरूनच आपला ‘देह’. मातीने लिंपून उभी केलेली भिंत आणि मातीचा देह, एकाच मुळाचे. म्हणजे हे कार्ड निळ्या ‘पेरी’च्या शेजारी तरी ठेवायचं होतं.

बरं, घुसखोर काही इंग्रजीतच असतात असं नाही. भाच्याने विचारलं, मराठीत ‘परा’ लागलेले सगळे शब्द एकाच ‘परा’चे का? पराजय, पराभव, पराक्रम, परावर्तन हे त्या उपसर्गाचे. पण कर्जबाजारी माणूस परागंदा होतो ते फारसीतून, आणि कणीक मळायची परात पोर्तुगीजांकडून आली. त्यामुळे पेटीवाल्यांना मी फार झोडपत नाही. फक्त कोश उघडून बघायचा होता हो. ६४९ रुपये घेता.

एक मात्र मला खरंच खटकलं. एवढ्या पॅरांमध्ये पॅरासिटामॉल नाही! देशातलं पोरन् पोर जो पॅरा सगळ्यात आधी गिळतं तो या पेटीत नाही. वास्तविक तिथेच सगळ्यात गंमत आहे. हे नाव म्हणजे पॅरा-असिटिल-अमिनो-फिनॉल या लांबलचक नावातली अक्षरं वेचून केलेलं. अमेरिकेत त्याच गोळीला असिटामिनोफेन म्हणतात, तीही त्याच नावातली दुसरीकडची अक्षरं. मुलगा तिकडे असला की आईबाप येऊन विचारतात, “ताई, तिकडे पॅरासिटामॉल मिळत नाही म्हणे?” मिळतं हो, नाव बदलून मिळतं. आणि यातला पॅरा केमिस्ट्रीचा : बेंझिनच्या षटकोनात दोन गट एकमेकांच्या बरोब्बर समोर बसले की पॅरा, लगत बसले की ऑर्थो, एक सोडून बसले की मेटा. ग्रीक ‘पॅरा’ला बाजूला, पलीकडे, वेगळीकडे अशा बऱ्याच छटा आहेत. कार्डावर मात्र एकच, ‘बाजूला’. त्या एका खुंटीवर सगळे शब्द टांगायला गेल्यामुळे पेटीचा घोळ झालाय. पॅराडॉक्समध्ये तो पॅरा ‘मताच्या विरुद्ध’ असतो, पॅरानोइयात ‘मनाच्या ताळ्याबाहेर’. तिथे ‘बाजूला’ म्हणून कसं चालेल?

‘पॅराफर्नेलिया’चं कार्ड बघून बाबा खूश झाले. कार्डावर ‘अवांतर सामान’ असा अर्थ आहे, तो आजच्या वापराला धरून ठीक आहे. पण फोड बघा : पॅरा आणि ‘फेर्ने’ म्हणजे हुंडा. हुंड्याव्यतिरिक्त बायकोने सोबत आणलेली, तिच्या स्वतःच्या मालकीची चीजवस्तू. रोमन कायद्यात होतं, इंग्रजी कायद्यातही होतं. बाबा म्हणाले, “स्त्रीधन की गं हे!” आणि मग त्या कोशातली पुढची ओळ वाचून दाखवली : फेर्ने आलं ‘फेरेइन’वरून, म्हणजे वाहून नेणे, आणि संस्कृत ‘भृ’ त्याचाच भाऊ. भार, भरण त्यातलेच. एकेकाळी कायद्याने बाईचं म्हणून राखलेलं धन आज ‘काय हा पसारा’ या अर्थाने वापरतात, यावर आमच्या आईने जे म्हटलं ते मी छापत नाही.

पॅरालिम्पिकच्या कार्डावर ‘ऑलिम्पिकला समांतर’ असं आहे. हा आजचा अधिकृत खुलासा, त्यामुळे चूक म्हणता येत नाही. पण शब्द जन्मला तो पॅराप्लेजियातून, म्हणजे कमरेखालच्या लुळेपणातून. लुडविग गुटमन या डॉक्टरांनी १९४८ मध्ये, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, स्टोक मँडविल रुग्णालयात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पुढे खेळ वाढले, इतर अपंगत्व असलेले खेळाडू आले, तसा अर्थही रुंद करून घेतला. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, ते याच खेळांत. तेही लढाईत गोळ्या लागलेले सैनिकच. भाच्याला पेटकर माहीत होते, पॅराप्लेजिया माहीत नव्हता. आता दोन्ही एका कार्डावर आहेत, पेनाने लिहून.

निळा गठ्ठा झरझर झाला, त्याचं श्रेय पेटीला नाही. भाच्याने ‘पेरिमीटर’ वाचलं आणि आतून बाबांचा आवाज आला, “परिमिती म्हण की रे.” तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, “आजोबा, पाचवीपासून परिमिती काढतोय मी. हा तोच शब्द आहे?” तोच. पेरी म्हणजे परि, आणि ‘मीटर’मधलं माप ते मितीमधलं माप. मग बाबांनी त्याला संस्कृत उपसर्गांचं प्र-परा-अप-सम् म्हणून दाखवलं, शाळेत म्हणवून घ्यायचे तसं, आणि शेजारी ग्रीक मांडले : प्रो म्हणजे प्र, आपो म्हणजे अप, हायपो म्हणजे उप, हायपर म्हणजे उपरि, यू म्हणजे सु. माझ्याकडच्या नीलगिरी तेलाच्या बाटलीवर युकॅलिप्टस लिहिलेलं असतं. ‘यू’ म्हणजे सु, ‘कालिप्टोस’ म्हणजे झाकलेलं. त्या झाडाची कळी टोपणाने नीट झाकलेली असते, म्हणून नाव. हायपो आणि हायपर यांत दरवेळी गोंधळणाऱ्या पोराला ‘उप खाली, उपरि वर’ एवढ्यावर सुटका मिळाली. शुगर ‘हायपो’ झाली म्हणजे साखर द्यायची की बंद करायची, यात चुकून चालत नाही.

आणि सगळ्यात देखणी गोष्ट ‘अ’ची. व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन् : अज्ञान, पण अनादी, अनिच्छा. ग्रीकमध्येही अगदी हाच नियम. म्हणून ‘अमॉर्फस’मध्ये नुसता अ, आणि ‘अनाल्जेसिक’मध्ये अन्, कारण वेदनेचा शब्द ‘आल्गोस’ स्वराने सुरू होतो. हा नियम पेटीत कुठेही नाही. मराठी अर्थ छापायला जागा केली, पण मराठी मुलाला आधीच काय येतं याचा विचार नाही. मराठी माध्यमातून आलाय म्हणून दबून बसलेल्या पोराला या पेटीने एका वाक्यात उचलून धरता आलं असतं. दुसरा तारा त्यासाठी गेला.

वस्तू म्हणून सांगायचं तर कागद जाड, अक्षर मोठं, बाबांना चष्म्याशिवाय नाही पण चष्म्याने आरामात वाचता येतं. रंगांची कल्पना खरंच चांगली, गठ्ठे मिसळले तरी लहान मूलसुद्धा लावून देईल. कार्डं ओवायची कडी मात्र फालतू, आठवड्यात उघडी पडली आणि भोकाजवळ दहाबारा कार्डं फाटली. चुकांची यादी करून कंपनीला मेल पाठवली. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं दोन मिनिटांत उत्तर आलं, म्हणजे वाचली नाही हे नक्की.

घ्यावी का? घरात कुणी कोश उघडून सोबत बसणारं असेल तर घ्या. चुका शोधताना पोरगं जेवढं शिकलं तेवढं बरोबर कार्डं वाचून शिकलं नसतं. मूल एकटंच बसून पाठ करणार असेल तर नका घेऊ, पॅराशूट घेऊन बाजूने पडेल. भाचा गेल्या रविवारी लातूरला परत गेला, पेटी घेऊन गेला, तीन घुसखोर कार्डं माझ्या काउंटरवर ठेवून. कडी तेवढी बदलून घ्या. कुठल्याही स्टेशनरीत स्टीलची चांगली मिळते.